व्हीएन्व्हमध्ये चालणारी स्क्रिप्ट ईएक्सई झाल्यावर का रुसते?

प्रश्न थोडक्यात असा. गृहनिर्माण संस्थेच्या देखभाल खर्चाच्या पावत्या करणारी पायथन स्क्रिप्ट तुम्ही लिहिली आहे. एक्सेलमधून सभासदांची नावं आणि रकमा वाचायच्या आणि प्रत्येकाची मराठीत पीडीएफ पावती काढायची. तुमच्या लॅपटॉपवर, व्हीएन्व्हमध्ये (एका प्रोजेक्टच्या पायथन पॅकेजेसचा वेगळा फोल्डर), ती बिनतक्रार चालते. आता ती संस्थेच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर द्यायची आहे. तिथे पायथन नाही आणि हिशेब बघणाऱ्या काकांना कमांड टाइप करायची काळी खिडकी दाखवायची सोय नाही. आधी तुम्ही व्हीएन्व्हचा अख्खा फोल्डर पेनड्राइव्हवर नेऊन पाहिला, तो चालला नाही. मग पायइन्स्टॉलरने (स्क्रिप्टची, पायथन नसलेल्या मशीनवरही चालणारी फाइल करणारं साधन) ईएक्सई केली, तर ती 'मॉड्यूल नॉट फाउंड' म्हणून बंद पडते. ज्या मॉड्यूलसाठी अडते ते एफपीडीएफ (पीडीएफ करणारी लायब्ररी) तर व्हीएन्व्हमध्ये डोळ्यांसमोर दिसतंय.

तुमचा पायइन्स्टॉलर व्हीएन्व्हमधल्या पायथनने चाललेलाच नाही. नव्वद टक्के खात्रीने सांगते, कारण हाच घोळ मी स्वतः घातला आहे आणि पुढे कित्येकांच्या मशीनवर निस्तरला आहे. उरलेल्या दहा टक्क्यांबद्दलही लिहिते, कारण मॉड्यूल सापडलं की लगेच पुढचा खड्डा येतो आणि तो मराठीचा असतो.

(कमांड मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिते आहे. टाइप अर्थातच इंग्रजीत करायच्या.)

आधी ते फोल्डर कॉपी करण्याचं बघू, म्हणजे पुढचं सोपं होईल. व्हीएन्व्ह हे स्वतंत्र घर नाही, ती भाड्याची खोली आहे. खोलीत तुमचं सामान, म्हणजे पिपने (पायथनची पॅकेजेस बसवणारी कमांड) आणलेली पॅकेजेस. पण नळाचं पाणी मालकाच्या टाकीतून येतं. फोल्डरमध्ये पायव्हीएन्व्ह.सीएफजी नावाची छोटी फाइल आहे, ती नोटपॅडमध्ये उघडा. त्यात 'होम' अशी ओळ दिसेल आणि तिच्यापुढे तुमच्या लॅपटॉपवरच्या मूळ पायथनचा पूर्ण पत्ता. पायथनसोबत येणारी स्टँडर्ड लायब्ररी सगळी तिथे आहे. विंडोजवर व्हीएन्व्हच्या स्क्रिप्ट्स फोल्डरमधली पायथन.ईएक्सईसुद्धा फक्त निरोप्या आहे, ती मूळ पायथनला हाक मारते. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर त्या पत्त्यावर कुणीच राहत नाही. शिवाय पिप.ईएक्सईसारख्या फायलींच्या पोटातही हेच पूर्ण पत्ते कोरलेले असतात. म्हणून तर आपल्याच मशीनवर प्रोजेक्टच्या फोल्डरचं नाव बदललं, की 'फेटल एरर इन लाँचर' दिसते. व्हीएन्व्ह हलवायचा नसतो. पॅकेजेसची यादी न्यायची आणि नव्या जागी नवा बनवायचा.

आता पायइन्स्टॉलर. तो तुमचा कोड दुसऱ्या भाषेत उतरवत नाही. तुमची स्क्रिप्ट उघडतो, तिच्यातले इम्पोर्ट, म्हणजे दुसरं मॉड्यूल मागवणाऱ्या ओळी, शोधतो, त्या मॉड्यूलमधले इम्पोर्ट, मग त्यांच्यातले, असा माग काढत जातो. जे सापडेल ते, पायथनच्या इंटरप्रिटरसकट (कोड चालवणारा प्रोग्राम), एका गाठोड्यात बांधतो आणि पुढे ते सुरू करणारा, सीमध्ये लिहिलेला छोटा बूटलोडर जोडतो. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, तसं. पण हे सामान तो कुठल्या घरातलं बांधतो? तो स्वतः ज्या पायथनने चालतो आहे त्याच्या. स्क्रिप्ट कुठल्या फोल्डरमध्ये ठेवली आहे किंवा एडिटरमध्ये कुठला इंटरप्रिटर निवडला आहे, याच्याशी त्याला काही देणंघेणं नाही.

तुमच्याकडे बहुधा असं झालं असेल: पूर्वी कधीतरी 'पिप इन्स्टॉल पायइन्स्टॉलर' मूळ पायथनमध्ये केलं होतं. या वेळी व्हीएन्व्ह चालू करून नुसतं 'पायइन्स्टॉलर' टाइप केलं. व्हीएन्व्हमध्ये तो नव्हता, म्हणून विंडोजने पाथमध्ये (कमांड शोधायच्या फोल्डरांची यादी) पुढे शोधलं आणि मूळ पायथनमधला उचलला. तो बिचारा आपल्या घरात एफपीडीएफ शोधत बसला. बांधणी मात्र 'कम्प्लीटेड सक्सेसफुली' म्हणत संपली, कारण न सापडलेलं मॉड्यूल ही पायइन्स्टॉलरच्या लेखी चूक नसते, फक्त इशारा असतो. ती ओळ वाचून मीही पूर्वी चहा प्यायला उठायचे.

पॉवरशेलमध्ये आणखी एक प्रकार होतो. एक्झिक्युशन पॉलिसीमुळे (स्क्रिप्ट चालू द्यायची की नाही याचा नियम) व्हीएन्व्ह चालू करणारी ॲक्टिव्हेटची स्क्रिप्ट चालतच नाही. लाल अक्षरं येतात, आपण ती नजरेआड करतो आणि पुढच्या कमांड देत राहतो. प्रॉम्प्टच्या आधी कंसात व्हीएन्व्हचं नाव दिसत नसेल, तर तुम्ही आत गेलेलाच नाहीत. व्हीएस कोडमध्येही रनचं बटण एका पायथनने चालतं आणि खालचं टर्मिनल भलत्याच पायथनवर असू शकतं.

म्हणून माझ्यापुरता मी ॲक्टिव्हेटचा नादच सोडला आहे. बांधणीसाठी मी कायम वेगळा, कोरा व्हीएन्व्ह करते आणि त्याच्या पायथनला थेट पत्त्याने हाक मारते (रिक्वायरमेंट्स.टीएक्सटी म्हणजे पॅकेजेसची यादी):

पाय -३.१२ -एम व्हीएन्व्ह बांधणी
बांधणी\स्क्रिप्ट्स\पायथन -एम पिप इन्स्टॉल -आर रिक्वायरमेंट्स.टीएक्सटी
बांधणी\स्क्रिप्ट्स\पायथन -एम पिप इन्स्टॉल पायइन्स्टॉलर
बांधणी\स्क्रिप्ट्स\पायथन -एम पायइन्स्टॉलर पावती.पीवाय

शेवटच्या ओळीत 'डॅश एम'नंतर पायइन्स्टॉलर लिहिताना पी आणि आय ही दोन अक्षरं कॅपिटल हवीत, नाहीतर 'नो मॉड्यूल नेम्ड' म्हणून तो मागे फिरतो. पिपला नाव कसंही चालतं, पायथनला नाही. यावर लोकांचे तास गेलेले मी पाहिले आहेत.

बांधणी सुरू झाली की लॉगच्या पहिल्या पाच-सहा ओळी वाचा, बाकीच्या शेकडो सोडल्या तरी चालतील. त्यात पायइन्स्टॉलरची आवृत्ती, पायथनची आवृत्ती आणि अलीकडच्या आवृत्त्यांत 'पायथन एन्व्हायर्नमेंट' अशी एक ओळ येते. तिथे बांधणी फोल्डरचा पत्ता दिसला पाहिजे. मूळ पायथनचा किंवा ॲनाकोंडाचा (पुष्कळ पॅकेजेससह येणारा पायथनचा संच) दिसला, तर तिथेच कंट्रोल-सी दाबून थांबवा.

कोऱ्या व्हीएन्व्हचा दुसरा फायदा आकाराचा. पांडाजसारख्या (तक्त्यांतली माहिती हाताळणाऱ्या) लायब्ररी 'मिळालं तर वापरू' या धोरणाने पुष्कळ गोष्टी इम्पोर्ट करून बघतात. तुमच्या रोजच्या पायथनमध्ये मॅटप्लॉटलिब, सायपाय, पायक्यूटी पडलेले असतील, तर गरज नसताना तेही गाठोड्यात येतात. लग्नाला एकाला बोलवावं आणि आळी यावी, तसं. ॲनाकोंडात हे सर्वांत जास्त होतं. शिवाय तिथे कधी पाथलिबचं (फायलींचे पत्ते हाताळणारं मॉड्यूल) जुन्या पायथनसाठी केलेलं बॅकपोर्ट पॅकेज असतं आणि ते दिसलं की पायइन्स्टॉलर बांधणीच नाकारतो. पावती करायला पांडाजही लागत नाही. एक्सेल वाचायला ओपनपायएक्सएल पुरतं. ती एक ओळ बदललीत तर फाइल पुष्कळ हलकी होईल.

पहिली बांधणी नेहमी फोल्डरची करा, एका फाइलची नको, आणि काळी खिडकी चालू ठेवा. पायइन्स्टॉलरची मूळ रीतच ती आहे. डिस्ट फोल्डरमध्ये पावती नावाचा फोल्डर येईल, त्यात ईएक्सई आणि, ६.० आवृत्तीपासून, बाकी सगळं सामान 'इंटर्नल' नावाच्या उपफोल्डरमध्ये. काही राहिलं असेल तर तिथे उघडून बघता येतं. ईएक्सईवर डबल-क्लिक करू नका. कमांड प्रॉम्प्ट उघडून त्यातून चालवा, म्हणजे एरर वाचायच्या आत खिडकी मिटणार नाही.

बिल्ड फोल्डरमध्ये 'वॉर्न-पावती.टीएक्सटी' अशी फाइल मिळेल. तिच्यात न सापडलेल्या मॉड्यूलची यादी असते आणि ती बघून पहिल्यांदा छातीत धस्स होतं. घाबरू नका. पीडब्ल्यूडी, जीआरपी, पॉसिक्स हे युनिक्सवरचे पाहुणे आहेत, विंडोजवर ते नसणारच. प्रत्येक नावापुढे कंसात 'ऑप्शनल', 'कंडिशनल', 'डिलेड', 'टॉप-लेव्हल' असं काही लिहिलेलं असतं. तुमच्या स्वतःच्या स्क्रिप्टने 'टॉप-लेव्हल' मागितलेलं नाव त्यात असेल, तर ती खरी भानगड. 'ऑप्शनल'मध्येही एक नाव मात्र तुम्ही शोधायचं आहे. ते पुढे सांगते.

काही इम्पोर्ट पायइन्स्टॉलरला दिसतच नाहीत. मॉड्यूलचं नाव चालू प्रोग्राममध्ये अक्षरं जोडून तयार होत असेल, उदाहरणार्थ 'बँक_' या शब्दाला सेटिंगमधलं नाव चिकटवून इम्पोर्टलिबला दिलं असेल, तर कोड नुसता वाचून ते कळणार कसं? तिथे 'डॅश-डॅश हिडन-इम्पोर्ट' देऊन नाव स्वतः सांगायचं. एखाद्या पॅकेजच्या सोबतच्या फायलीच येत नसतील, तर 'डॅश-डॅश कलेक्ट-ऑल' आणि पॅकेजचं नाव. मात्र व्हीएन्व्हमध्येच नसलेलं पॅकेज हिडन-इम्पोर्टने येत नाही. मॉड्यूल सापडत नाही म्हटलं की लोक आधी हिडन-इम्पोर्टचे अंगारे लावतात, आणि घर कुठलं बांधलं ते तपासतच नाहीत.

आता मराठीकडे. पीडीएफच्या अनेक लायब्ररी अक्षरं टाइपरायटरसारखी एकापुढे एक ठोकतात. इंग्रजीला ते चालतं. आपल्याकडे 'शिर्के' लिहायचं तर वेलांटी श च्या आधी यायला हवी आणि रफार उडी मारून के वर बसायला हवा. याला शेपिंग म्हणतात आणि ते केलं नाही तर सभासदाला स्वतःचं आडनाव वाचता येत नाही. एफपीडीएफ२ मध्ये 'सेट टेक्स्ट शेपिंग' चालू केलं की हे जमतं, पण खरं काम यूहार्फबझ नावाचं वेगळं पॅकेज करतं. एफपीडीएफ२ ते सक्तीने आणत नाही. तुम्ही कधीतरी हाताने घातलं असणार आणि रिक्वायरमेंट्समध्ये लिहायचं राहिलं असेल. वॉर्न फाइलमध्ये शोधायचं नाव ते हेच. नवा व्हीएन्व्ह केला, यूहार्फबझ राहिलं, तर बांधणी सुरळीत होते, ईएक्सई उघडते, एक्सेलही वाचते आणि पहिल्या पावतीला कोसळते.

याच ठिकाणी अजून एक सापळा आहे. एफपीडीएफ नावाची जुनी लायब्ररी आणि आजची एफपीडीएफ२ या दोन्ही इम्पोर्ट करताना एकाच नावाने येतात. मूळ पायथनमध्ये जुनी पडलेली असेल आणि बांधणी तिथून झाली, तर 'मॉड्यूल नॉट फाउंड' येणारच नाही. त्याऐवजी 'सेट टेक्स्ट शेपिंग असं काही नाही' अशी एरर येईल आणि तुम्ही स्वतःचा कोड तपासत बसाल. दोन्ही एकाच व्हीएन्व्हमध्ये तर कधीच नकोत.

मग फॉन्ट. फॉन्टची फाइल हा इम्पोर्ट नाही, म्हणून पायइन्स्टॉलरला ती दिसत नाही. सांगावी लागते:

--ॲड-डेटा फॉन्ट्स:फॉन्ट्स

डावीकडे तुमच्याकडचा फोल्डर, उजवीकडे गाठोड्यातली जागा. पूर्वी विंडोजवर मध्ये अर्धविरामाचं चिन्ह लागायचं, ६.० पासून सगळीकडे विसर्गासारखे दोन टिंब चालतात. आणि कोडमध्ये 'फॉन्ट्स/मुक्ता.टीटीएफ' असा उघडा पत्ता ठेवू नका. तो चालू फोल्डरपासून मोजला जातो आणि डेस्कटॉपवरच्या शॉर्टकटने उघडलं की चालू फोल्डर कुठला असेल याचा भरवसा नाही. दोन्ही बाजूंना दोन-दोन अंडरस्कोअर असलेलं 'फाइल' हे चल घ्या, पाथलिबने त्याचा पेरेंट काढा आणि तिथून फॉन्टपर्यंत जा. व्हीएन्व्हमध्येही चालतं, ईएक्सईमध्येही.

फॉन्ट कुठला, यालाही महत्त्व आहे. मंगल किंवा निर्मला यूआय विंडोजबरोबर येतात म्हणून ते उचलून आपल्या प्रोग्राममध्ये घालून वाटता येतात, असं नाही. ते मायक्रोसॉफ्टच्या परवान्याखाली आहेत. नोटो सान्स देवनागरी किंवा मुंबईच्या एक टाइपने केलेला मुक्ता हे ओपन फॉन्ट लायसन्सखाली आहेत, ते प्रोग्रामसोबत देता येतात. मी मुक्ता वापरते. छोट्या पावतीवरही जोडाक्षरं सुटी दिसतात.

पावत्या कुठे ठेवायच्या? फॉन्ट जिथे आहे तिथे नाही. एका फाइलची ईएक्सई केली की ती प्रत्येक वेळी टेम्पमध्ये 'एमईआय'ने सुरू होणारा फोल्डर करून त्यात सगळं सोडते आणि बंद होताना तो पुसून टाकते. माझ्या एका जुन्या प्रोग्रामने एका ऑफिसात दिवसभराच्या नोंदी अशाच पुसल्या होत्या. सेटिंगची फाइल मी प्रोग्रामच्या आतल्या पत्त्यावर लिहीत होते, माझ्या लॅपटॉपवर ती टिकायची, तिथे संध्याकाळी गायब. तेव्हापासून नियम: प्रोग्रामबरोबर आलेलं सामान वरच्या 'फाइल' चलाच्या पत्त्यावरून वाचायचं, आणि वापरणाऱ्याचं सामान सिस.एक्झिक्युटेबलच्या पेरेंटमध्ये, म्हणजे ईएक्सईच्या शेजारी, किंवा सरळ डॉक्युमेंट्समध्ये लिहायचं. फक्त आधी सिसमध्ये 'फ्रोझन', म्हणजे बांधलेल्या प्रोग्रामची खूण, आहे का ते बघा. नाहीतर व्हीएन्व्हमध्ये चाचणी घेताना पावत्या स्क्रिप्ट्स फोल्डरमध्ये पायथन.ईएक्सईच्या शेजारी जाऊन बसतील.

एन्कोडिंगचं, म्हणजे अक्षरं फाइलमध्ये साठवायच्या पद्धतीचं, राहिलं. आपल्याकडच्या बहुतेक विंडोजवर पायथन साधी टेक्स्ट फाइल उघडतो ती सीपी-१२५२ मध्ये, आणि त्यात देवनागरीला जागाच नाही. लिहायला गेलात तर 'चारमॅप कोडेक' वाली एरर येते. वाचायला गेलात तर कधी एरर, कधी डोक्यावर तिरकी रेघ असलेल्या ए अक्षरांची रांग. तुमच्या लॅपटॉपवर हे दिसत नसेल तर शक्यता अशी, की तुम्ही कधीकाळी पायथन-यूटीएफ-८ हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल लावून ठेवलं आहे. बांधलेली ईएक्सई पायथनची असली व्हेरिएबल्स बघत नाही. ऑफिसात तर ते नाहीच. म्हणून प्रत्येक 'ओपन'मध्ये एन्कोडिंग यूटीएफ-८ असं स्वतः लिहा. सीएसव्ही पुढे एक्सेलमध्ये उघडणार असेल तर यूटीएफ-८-सिग लिहा, म्हणजे एक्सेलला नावं नीट कळतात.

इतकं फोल्डरच्या बांधणीत नीट चाललं, की मगच काळी खिडकी काढा: 'डॅश-डॅश विंडोड'. मग स्टँडर्ड आउटपुट (प्रिंटचा मजकूर जातो ती जागा) नावाची वस्तूच उरत नाही. तुमची प्रिंट गप्प बसतात, पण जी लायब्ररी सरळ तिथे लिहायला जाते (प्रगतीची पट्टी दाखवणाऱ्या बऱ्याच तशा असतात) ती कोसळते. एरर एका लॉग फाइलमध्ये लिहायची सोय करून ठेवा, नाहीतर फोनवर काका फक्त "उघडत नाही हो" एवढंच सांगू शकतील.

एक फाइल की फोल्डर? मी फोल्डरच्या बाजूने आहे. एक फाइल दिसायला सुटसुटीत, पण दर वेळी उलगडत असल्याने सुरू व्हायला वेळ घेते, आणि स्वतःला टेम्पमध्ये उलगडून चालणारी, सही नसलेली ईएक्सई अँटिव्हायरसला चोरासारखी दिसते. यूपीएक्सने आकार कमी करायला गेलात तर संशय आणखी वाढतो. फोल्डर झिप करून द्या, डेस्कटॉपवर शॉर्टकट करा, काम झालं. डाउनलोड केलेल्या फाइलवर विंडोजची निळी स्मार्टस्क्रीन येईल. तिथे 'मोअर इन्फो' दाबून पुढे जायचं हे काकांना आधीच दाखवून ठेवा. जीमेलने ईएक्सई पाठवायचा प्रयत्न करू नका, झिपमध्ये लपवली तरी तो अडवतो. पेनड्राइव्ह किंवा ड्राइव्हची लिंक.

ऑफिसचा कॉम्प्युटर किती जुना आहे ते आजच विचारा. पायइन्स्टॉलर ज्या जातीच्या मशीनवर चालतो त्याच जातीसाठी बांधतो. लिनक्सवर किंवा मॅकवर बसून विंडोजची ईएक्सई होत नाही आणि ६४ बिटच्या पायथनने बांधलेली फाइल ३२ बिट विंडोजवर उघडत नाही. आणि तिथे विंडोज ७ असेल तर, खरंच असतं अजून, ३.८ ही त्यावर चालणारी शेवटची पायथन मालिका. त्यापुढच्या पायथनने बांधलंत तर 'एपीआय-एमएस-विन-कोर-पाथ'ने सुरू होणारी डीएलएल (प्रोग्रामला लागणारी विंडोजची फाइल) नाही, अशी तक्रार येते. ती डीएलएल इंटरनेटवरून शोधून कॉपी करण्याच्या फंदात पडू नका. ३.८ चा वेगळा व्हीएन्व्ह करा आणि त्यावर चालणाऱ्या एफपीडीएफ२ व यूहार्फबझच्या जुन्या आवृत्त्या पिपला निवडू द्या.

दोन गोष्टी घाईत. मल्टिप्रोसेसिंग (एकाच वेळी अनेक प्रोसेस चालवणं) वापरलं असेल तर मुख्य भागाच्या पहिल्या ओळीत 'फ्रीझ सपोर्ट' बोलवा, नाहीतर ईएक्सई स्वतःच्याच प्रती उघडत सुटते आणि मशीन बंद करायची वेळ येते. आणि ईएक्सईत कोड लपतो असं समजून बँकेचा किंवा ईमेलचा पासवर्ड आत लिहू नका. गाठोडं सोडवायची साधनं सहज मिळतात. पायइन्स्टॉलरमध्ये पूर्वी कुलपासारखा एक 'की' पर्याय होता, तोही ६.० मध्ये काढून टाकला.

न्युइट्काबद्दल (ईएक्सई करणारं दुसरं साधन) विचारणारच असाल: ते कोडचं सीमध्ये रूपांतर करून खरोखर कंपाइल करतं, त्याला सीचा कंपायलर लागतो आणि बांधणीला बराच वेळ. पावत्यांसाठी गरज नाही. आणि तिथेही ज्या पायथनने चालवाल त्याचंच घर बांधलं जातं, त्यामुळे तुमची आजची चूक तशीच्या तशी झाली असती.

देण्याआधी पायथन नसलेल्या मशीनवर एकदा चालवा. तुमच्याकडे विंडोज प्रो असेल तर विंडोज सँडबॉक्स (तात्पुरतं कोरं विंडोज) पुरे, होममध्ये तो नसतो. तसं मशीन नसेल तर निदान बांधणी फोल्डरचं नाव तात्पुरतं बदला, डिस्टमधला फोल्डर भलत्याच ड्राइव्हवर न्या आणि तिथून उघडा. चाचणीच्या एक्सेलमध्ये 'शिर्के', 'कुलकर्णी', 'शृंगारपुरे' अशी नावं घाला. 'कमल पवार' घालून सगळं ठीक दिसेल आणि फसाल.

पहिल्या बांधणीनंतर पावती.स्पेक ही फाइल तयार झालेली दिसेल. ॲड-डेटा, विंडोड वगैरे सगळं त्यात उतरलेलं असतं. ती आणि पिप फ्रीझची यादी स्क्रिप्टच्या शेजारी जपून ठेवा. पुढच्या एप्रिलमध्ये देखभाल खर्चाचा दर बदलला, की नवा व्हीएन्व्ह, यादीतली पॅकेजेस आणि 'पायथन -एम पायइन्स्टॉलर पावती.स्पेक'. तेव्हा मात्र ॲड-डेटासारखे पर्याय कमांडमध्ये देऊ नका, स्पेक फाइल दिल्यावर ते तिथे चालत नाहीत. बदल फाइलमध्येच करायचा.